रशियाबाहेरून रशियाशी बोलणारे: खटले, यूट्यूब आणि पैशाची वाट

ऑगस्ट २०२३ या एकाच महिन्यात मॉस्कोच्या न्यायालयांनी यूट्यूबवर राजकारण समजावून सांगणाऱ्या दोघांना शिक्षा ठोठावल्या. माक्सिम कात्स यांना ८ वर्षं, मायकेल नाकी यांना ११. युद्धातल्या व्हिडिओंची आणि दाव्यांची शहानिशा करणारे रुस्लान लेविएव नाकींच्याच खटल्यात होते, त्यांनाही ११. कोर्टात तिघांपैकी कुणीच नव्हतं, तिघंही आधीच देशाबाहेर होते. कलम एकच: फौजदारी संहितेचं २०७.३, म्हणजे सैन्याविषयी ‘जाणूनबुजून खोटी माहिती’ पसरवणं. युक्रेनवरच्या चढाईला दहा दिवस होण्याआधी, ४ मार्च २०२२ रोजी, हे कलम मंजूर होऊन त्यावर सहीही झाली होती. कमाल शिक्षा १५ वर्षं.

कात्स यांच्यावरच्या आरोपात युक्रेनमधल्या बुचा या शहरातल्या हत्याकांडाबद्दलचं बोलणं होतं. याच विषयावर एप्रिल २०२२मध्ये यूट्यूबवर थेट बोललेले विरोधी नेते इल्या याशिन मॉस्को सोडायला तयार नव्हते. डिसेंबर २०२२मध्ये त्यांना साडेआठ वर्षं लागली आणि ती त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात भोगायला घेतली. १ ऑगस्ट २०२४च्या कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांना देशाबाहेर काढलं गेलं, तेही त्यांच्या मनाविरुद्ध. विषय एक, कलम एक, शिक्षाही जवळपास सारखी. फरक फक्त माणूस सरहद्दीच्या कुठल्या बाजूला होता एवढाच.

मग गैरहजर माणसाला शिक्षा देऊन सरकारला मिळतं काय? पुष्कळ काही. रशियाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २४७च्या पाचव्या भागानुसार गंभीर गुन्ह्यातला आरोपी परदेशात असेल तर त्याच्याविना खटला चालवता येतो. सरकार वकील नेमतं, काही सुनावण्यांत निकाल लागतो. नाव वाँटेड यादीत जातं आणि जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांपैकी अनेक देशांत विमानतळावर अडवलं जाण्याची भीती निर्माण होते. इंटरपोलच्या घटनेतलं तिसरं कलम राजकीय प्रकरणांत पडायला मनाई करतं, म्हणून युरोपात हा धोका कमी. फेब्रुवारी २०२४पासून ‘खोट्या माहिती’च्या खटल्यांत मालमत्ता जप्तीचीही तरतूद आली, मागे राहिलेलं घर, गाडी, बँकेतली शिल्लक त्यात सापडू शकते. पासपोर्टची मुदत १० वर्षं, आणि नवा काढायचा तर रशियाच्याच वकिलातीत जावं लागतं. वाँटेड यादीतल्या माणसाने तिथे जाऊन काय सांगायचं?

ही माणसं एका मुशीतली नाहीत. कात्स पोकरचे व्यावसायिक खेळाडू होते. २०१२मध्ये मॉस्कोच्या श्चुकिनो भागातून नगरसेवक झाले, २०१३मध्ये विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्या महापौरपदाच्या प्रचारात होते. फुटपाथ, ट्राम, पार्किंग हे त्यांचे मूळ विषय. येकातेरिना शुलमान राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. नाकी आणि अलेक्सांद्र प्ल्युश्चेव आले ‘एखो मॉस्क्वी’ या रेडिओवरून, आणि या गोष्टीत रेडिओचा भाग मोठा आहे.

‘एखो मॉस्क्वी’ ऑगस्ट १९९०मध्ये सुरू झालं. पुढे बहुसंख्य समभाग गॅझप्रॉम या सरकारी वायू कंपनीच्या माध्यम कंपनीकडे गेले, तरी मुख्य संपादक अलेक्सेई वेनेदिक्तोव यांनी वीस वर्षं ते बऱ्यापैकी मोकळं ठेवलं. सरकारविरोधी बोलण्याची एक खिडकी उघडी असणं क्रेमलिनलाही सोयीचं होतं. दूरचित्रवाणीला ही सवलत मिळाली नाही. एनटीव्ही वाहिनीचा ताबा एप्रिल २००१मध्येच घेतला गेला. २०१०मध्ये निघालेल्या ‘दोझ्द’ने जानेवारी २०१४मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्याविषयी एक जनमत प्रश्न विचारला आणि त्याचं निमित्त करून केबल कंपन्यांनी वाहिनी एकामागून एक काढून टाकली. कुठेही लेखी बंदी नाही. करार रद्द, एवढंच.

केबल गेल्यावर उरलं इंटरनेट, आणि तिथे यूट्यूबला तोड नव्हती. ते गुगलचं, म्हणून देशातल्या मालकावर दबाव आणून ताब्यात घेता येत नाही. फोनवर, स्मार्ट टीव्हीवर सगळीकडे चालतं. आणि लहान मुलांची गाणी, स्वयंपाक, गाड्यांची दुरुस्ती असं सगळं तिथेच असल्यामुळे बंद केलं तर राजकारणाशी घेणंदेणं नसलेले लोकही चिडणार. याचा पुरेपूर उपयोग नवाल्नींच्या मंडळींनी केला. मार्च २०१७मधला तेव्हाचे पंतप्रधान मेदवेदेव यांच्या संपत्तीवरचा व्हिडिओ आणि जानेवारी २०२१मधला पुतिन यांचा म्हणून दाखवलेल्या काळ्या समुद्राकाठच्या राजवाड्यावरचा व्हिडिओ हे त्यातले टप्पे. दुसरा १० कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. त्यांची ‘भ्रष्टाचारविरोधी निधी’ ही संस्था जून २०२१मध्ये ‘अतिरेकी’ ठरली. पडद्यामागचे लोकही सुटले नाहीत: चॅनेलचं तांत्रिक काम पाहणारे दानिएल खोलोद्नी यांना २०२३मध्ये ८ वर्षं झाली.

मार्च २०२२च्या पहिल्या आठवड्यात उरलेलं सगळं कोसळलं. ‘एखो’चं प्रसारण १ तारखेला तोडलं, ३ तारखेला संचालक मंडळाने रेडिओच मोडीत काढला. त्याच दिवशी ‘दोझ्द’ थांबलं. रेडिओचे निवेदक रातोरात स्वतंत्र यूट्यूबर झाले, कुणी व्हिल्नियसमध्ये, कुणी बर्लिनमध्ये. त्यांचे तासभर चालणारे, पाहुण्यांना बोलावून गप्पा मारणारे थेट कार्यक्रम आजही रेडिओच्या वेळापत्रकासारखे चालतात, ते त्यामुळेच.

‘विदेशी एजंट’ हा शिक्का २०१२मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी आला, २०१७मध्ये माध्यमांना लागला, मग व्यक्तींना. डिसेंबर २०२२पासून परदेशी पैसा मिळाल्याचा पुरावाही लागत नाही. ‘परदेशी प्रभावाखाली’ आहात, एवढं पुरे. न्याय मंत्रालयाच्या यादीत नवी नावं बहुधा शुक्रवारी येतात. यादीने १०००चा टप्पा ओलांडला आहे. शिक्का बसलेल्याने प्रत्येक व्हिडिओवर आपण ‘विदेशी एजंट’ असल्याचा ठरावीक मजकूर टाकायचा: निदान १५ सेकंद, चित्राच्या किमान २० टक्के भागावर. लेखी पोस्टवर तोच मजकूर बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट आकारात. वर्षातून दोनदा हिशेब द्यायचा. चुकलं तर ३० ते ५० हजार रूबल दंड. वर्षात दोन दंड झाले की फौजदारी गुन्हा, कमाल २ वर्षं. ऑक्टोबर २०२५मध्ये तेही बदललं. आता एकच दंड पुरतो. परदेशात बसलेले बरेच जण हा मजकूर टाकतच नाहीत. टाकला काय, न टाकला काय, पुढचा खटला ठरलेलाच.

यूट्यूबवरचा घाव यायला मात्र वेळ लागला. त्याचं यंत्र २०१९च्या ‘सार्वभौम इंटरनेट’ कायद्याने बसवलं: प्रत्येक इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात सरकारी पेट्या, ज्यांचं नियंत्रण रोसकोमनाड्झोर या नियामकाकडे. कंपनीला न विचारता या पेट्या कुठलीही वाहतूक मंद करू शकतात. मार्च २०२१मध्ये ट्विटरवर पहिला मोठा प्रयोग झाला आणि फसला. ट्विटरच्या ‘टी.को’ या आखूड पत्त्याला पकडायला लावलेली चाळणी एवढी भोंगळ होती, की ज्यांच्या नावात ही अक्षरं ओळीने येतात ते मायक्रोसॉफ्ट आणि रेडिटचे पत्तेही अडकले. तीन वर्षांनी हात बसला होता. जुलै २०२४मध्ये ड्यूमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या, माहिती समितीचे अध्यक्ष अलेक्सांद्र खिनश्तेइन यांनी जाहीरच केलं, की संगणकांवर यूट्यूबचा वेग आधी ४० आणि मग ७० टक्क्यांनी कमी होईल. अधिकृत कारण असं, की गुगलने रशियातल्या आपल्या सर्व्हरची देखभाल थांबवली आहे. सर्व्हर जुने झाले असतील हे खरं. पण जुनं यंत्र व्हीपीएन (आपली वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) लावताच पूर्ववत धावत नाही.

आतून हे असं चालतं. फोन किंवा संगणक गुगलच्या व्हिडिओ सर्व्हरशी जोडणी मागतो, तेव्हा पहिल्याच संदेशात सर्व्हरचं नाव उघडं जातं. पुढचं सगळं कुलूपबंद. पेटी ते नाव वाचते आणि त्या जोडणीतून येणारे माहितीचे तुकडे वाटेतच टाकून देते. पान उघडतं, मथळे दिसतात, व्हिडिओ मात्र फिरत राहतो. म्हणून लोकांनी दोन वाटा शोधल्या. एक व्हीपीएन. दुसरी, तो पहिला संदेश मधोमध फोडून पाठवणारी छोटी मोफत साधनं; नाव दोन तुकड्यांत गेलं की पेटीला ओळखू येत नाही. दुसऱ्या वाटेत वेग कमी होत नाही आणि पैसे पडत नाहीत, पण पेट्यांचे नियम बदलले की साधनाची मांडणी पुन्हा करावी लागते, आणि टीव्हीवर ती बसवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. व्हीपीएनवरही दाब आहेच: मार्च २०२४पासून त्यांचा प्रचार बेकायदा, जुलै २०२४मध्ये ॲपलने आपल्या रशियन ॲप दुकानातून २५ व्हीपीएन काढले. व्हीपीएनमुळे मोजणीही बिघडते. मॉस्कोतला प्रेक्षक आकडेवारीत जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये बसलेला दिसतो, त्यामुळे ‘देशातले किती लोक पाहतात’ या प्रश्नावर कुठल्याही चॅनेलचा आकडा जपूनच घ्यावा.

पैशाचं कोडं याहून अवघड. मार्च २०२२मध्ये गुगलने रशियात जाहिराती दाखवणं थांबवलं, म्हणजे देशातून पाहिलेल्या व्हिडिओवर एक कवडी मिळत नाही. त्याच महिन्यात व्हिसा आणि मास्टरकार्ड निघून गेले. रशियन कार्डाने परदेशी सेवेला पैसे देणं संपलं. रशियन उद्योगांच्या जाहिराती काही काळ टिकल्या, पण मार्च २०२४पासून ‘विदेशी एजंटां’कडे जाहिरात देणंच बेकायदा ठरलं. उरल्या देणग्या, मुख्यतः देशाबाहेरच्या रशियन भाषकांच्या.

देणगी देणाऱ्याचं काय होतं, याचं सगळ्यात कडू उदाहरण ऑगस्ट २०२१मधलं. नवाल्नींच्या निधीने ‘अतिरेकी’ ठरल्यानंतर एका परदेशी पेमेंट सेवेतून वर्गणी सुरू केली आणि ती सुरक्षित असल्याचं सांगितलं. पण देणाऱ्यांच्या बँक नोंदीत पैसे घेणाऱ्याची खूण उमटत होती. एकदा ती खूण कळल्यावर बँकांच्या नोंदी चाळून नावं काढणं कारकुनी काम होतं. काहीशे रूबल दिलेल्यांवरही ‘अतिरेकी कारवायांना पैसा पुरवल्या’चे खटले झाले, त्यात कमाल शिक्षा ८ वर्षं. तेव्हापासून जबाबदार निवेदक रशियातल्या प्रेक्षकांना स्पष्ट सांगतात: रशियन कार्डाने काही पाठवू नका, चॅनेलचं सशुल्क सदस्यत्व घेऊ नका (चॅटमध्ये नावापुढे बिल्ला दिसतो), सरकारने ‘नकोशा संस्था’ ठरवलेल्या, म्हणजे ज्यांच्या कामात भाग घेणं बेकायदा आहे अशा, माध्यमांचे दुवे शेअर करू नका. मेदुझा हे बातम्यांचं संकेतस्थळ आणि दोझ्द या दोन्हींना हा शिक्का २०२३मध्ये बसला. नुसतं पाहणं गुन्हा नाही. सप्टेंबर २०२५पासून ‘अतिरेकी’ सामग्री मुद्दाम शोधण्यावर ३ ते ५ हजार रूबल दंड आहे, तेव्हा ही रेघही सरकते आहे.

लांबून बोलण्याचे तोटे कामातच दिसतात. अनेक रशियन सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडत नाहीत. न्यायालयाचं वेळापत्रक किंवा सरकारी खरेदीची नोंद पाहायला निर्वासितांना उलटा व्हीपीएन, म्हणजे रशियातून निघणारा, लागतो. सीमाशुल्काची तपशीलवार आकडेवारी २०२२मध्ये झाकली गेली. यजमान देशाचाही धाक असतो. ‘दोझ्द’ लॅटव्हियात गेलं, तिथे रशियन फौजेला ‘आमचं सैन्य’ म्हटल्याबद्दल आणि क्रिमिया रशियात दाखवणाऱ्या नकाशाबद्दल १० हजार युरो दंड झाला. आपल्या वाहिनीमुळे आघाडीवरच्या रशियन सैनिकांना मदत झाली असावी असं एक निवेदक बोलून गेला आणि डिसेंबर २०२२मध्ये परवानाच गेला. पुढे नेदरलँड्सने दिला. घरच्या प्रेक्षकाशी घरच्या भाषेत बोलावं तर यजमान दुखावतो, यजमानाच्या भाषेत बोलावं तर घरचा प्रेक्षक तुटतो.

रशियाला हा पेच नवा नाही. निर्वासित लेखक अलेक्सांद्र हर्झेन यांनी लंडनमधून १८५७मध्ये ‘कोलोकोल’ हे नियतकालिक काढलं, ते चोरून रशियात पोचे आणि मोठे अधिकारीही वाचत. १८६३च्या पोलिश उठावाची बाजू घेतल्यावर देशातला वाचक झपाट्याने ओसरला. परदेशातल्या रशियन निर्वासितांचं जाळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही दाट होतं. पॅरिसमध्ये सेनापती बापटांना बॉम्बची कृती मिळाली ती त्यांच्याकडूनच. निर्वासितांची आपसातली भांडणंही जुनीच. २०२४मध्ये कात्स यांनी नवाल्नींच्या निधीवर, त्यांच्या जवळ आलेल्या बँकमालकांवरून, लांबलचक आरोप केले आणि पुढचे कित्येक आठवडे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक युद्ध सोडून हेच बघत होते.

२०२५च्या उन्हाळ्यापासून नवी अडचण उभी आहे. ड्रोनचं कारण देऊन प्रांताप्रांतात मोबाइल इंटरनेट तासन्‌तास बंद होतं. त्या काळात चालू राहणाऱ्या संकेतस्थळांची यादी सप्टेंबरमध्ये जाहीर झाली: सरकारी सेवा, देशी समाजमाध्यमं, आणि नव्या फोनांवर आधीच बसवून मिळणारं मॅक्स हे संदेश ॲप. यूट्यूब त्यात नाही, आणि परदेशी सर्व्हरकडचा रस्ताच बंद असल्यामुळे व्हीपीएनही जोडलं जात नाही. घरच्या तारेवर इंटरनेट असलेल्याने व्हिडिओ आधीच उतरवून ठेवावा, किंवा निवेदकाने तोच कार्यक्रम हलक्या ऑडिओ फाइलमध्ये द्यावा, एवढेच उपाय सध्या हातात आहेत.