कोर्टाची पायरी आणि देशाची कमाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. एका माणसापुरता हा सल्ला ठीक आहे. पण देशातला प्रत्येक व्यापारी, पुरवठादार आणि बँक तो पाळू लागली की उधारी आटते. माल ओळखीतच विकला जातो. बुडीत कर्ज वसूल होणार नाही हे बँक आधीच गृहीत धरते आणि तेवढे व्याज वाढवते. दहा कामगारांचा कारखाना शंभरांचा होत नाही, कारण वाढायचे तर अनोळखी माणसांशी करार करावे लागतात आणि करार मोडला तर दाद मागायला जागा नसते. १९८९ नंतर साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या पूर्व युरोपच्या देशांना हा अनुभव कमीअधिक प्रमाणात आला. त्यातून कोण किती लवकर बाहेर पडले, याचा त्यांच्या आजच्या उत्पन्नाशी जवळचा संबंध आहे.

अर्थशास्त्रात एक अपेक्षा असते. गरीब देशात भांडवल कमी, म्हणून तिथे नव्या यंत्राचा, नव्या रस्त्याचा परतावा जास्त. त्यामुळे तो देश श्रीमंतांपेक्षा वेगाने वाढून त्यांना गाठत जातो. अनेक देशांच्या अभ्यासांत या गाठण्याचा वेग वर्षाला साधारण २ टक्के आढळतो. म्हणजे अंतर निम्मे व्हायला सुमारे ३५ वर्षे लागतात. यात एक अट मात्र दडलेली आहे. प्रत्येक देश जर्मनीच्या पातळीकडे जात नसतो, तो स्वतःच्या व्यवस्थेला पेलवेल त्या पातळीकडे जात असतो. पाट फुटका असेल तर धरणात कितीही पाणी असले तरी शेवटच्या वाफ्याला ते पोचत नाही. १९९० च्या सुमारास पोलंड आणि युक्रेन यांचे दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीच्या हिशेबाने (म्हणजे दोन्हीकडच्या किमतींतला फरक जमेस धरून), एकाच पट्ट्यात होते. २०२१ पर्यंत, म्हणजे रशियाच्या मोठ्या आक्रमणाच्या आधीच, पोलंड युक्रेनच्या अडीच-तीन पट झाला होता. हा फरक एकट्या न्यायालयांनी घडवलेला नाही. बाजारपेठ, भूगोल आणि युरोपीय संघाचा निधी यांचाही त्यात वाटा आहे. पण गळती कुठे होती हे पाहायचे तर न्यायालयापासून सुरुवात करावी लागते.

साम्यवादी काळात कारखाने सरकारचे, बँक सरकारची. दोन कारखान्यांत वाद झाला तर तो न्यायालयात जात नसे, शासकीय लवादाकडे जाई. दिवाळखोरी प्रत्यक्षात जवळजवळ नव्हतीच. पक्ष-कार्यालयातून फोन आला की निकाल ठरे. याला रशियनमध्ये ‘टेलिफोन कायदा’ असे नावच पडले होते. तारण, भागधारकांचे हक्क, कंपनीची नादारी हे विषय तिथल्या न्यायाधीशांसमोर १९९० मध्ये जवळपास पहिल्यांदाच आले. कायद्याचे पुस्तक शेजारच्या देशाकडून एका वर्षात उचलता येते. ते वापरणारी माणसे तयार व्हायला एक पिढी जाते.

मधल्या काळात काय करायचे, यावर प्राग (चेकोस्लोव्हाकिया) आणि वॉर्सा (पोलंड) यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. चेकोस्लोव्हाकियाने १९९२ पासून सरकारी कंपन्यांचे भाग कूपनांच्या रूपाने नागरिकांना वाटले. लोकांनी ती कूपने बहुतांशी गुंतवणूक निधींकडे दिली. या निधींवर आणि कंपन्यांवर देखरेख जवळजवळ नव्हती. व्यवस्थापक कंपनीची चांगली मालमत्ता स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला कवडीमोलाने विकत आणि मागे कर्जाचे टरफल ठेवत. याला चेक भाषेत ‘बोगदा खणणे’ म्हणतात. न्यायालयात गेले तर फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि कागदावर तर सौदा रीतसर असे. १९९७ मध्ये प्राग शेअर बाजाराने हजाराहून अधिक कंपन्यांची नावे यादीतून काढली. शेअर बाजारावर देखरेख करणारा स्वतंत्र रोखे आयोग तिथे १९९८ मध्ये आला.

वॉर्साचा शेअर बाजार १६ एप्रिल १९९१ रोजी अवघ्या ५ कंपन्यांवर सुरू झाला, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात. पण त्याच वर्षी पोलंडने रोखे आयोग नेमला. दलालांना परवाना देणे, माहितीपत्रक तपासणे, माहिती दडवल्यास दंड करणे ही कामे त्याच्याकडे होती. पोलंडचे न्यायाधीश काही चेक न्यायाधीशांपेक्षा हुशार नव्हते. फरक प्रश्नात होता. ‘फसवण्याचा हेतू होता का?’ हा प्रश्न सोडवायला अनुभवी न्यायाधीश लागतो. ‘माहिती मुदतीत जाहीर केली का?’ याचे उत्तर प्रशिक्षित अधिकारीही देऊ शकतो. न्यायालय कच्चे असताना प्रश्नच सोपा करावा, ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी युक्ती आहे.

हीच युक्ती पुढे न्यायालयातही आली. पोलंडमध्ये १ जानेवारी २०१० पासून लुब्लिन शहरात ‘ई-न्यायालय’ सुरू झाले. वीजबिल, फोनबिल, न दिलेले बीजक अशा पैशाच्या दाव्यांसाठी संपूर्ण देशाला हे एकच न्यायालय. दावा ऑनलाइन भरायचा. पुरावे जोडायचे नाहीत, फक्त त्यांचे वर्णन करायचे. शुल्क नेहमीच्या एक चतुर्थांश. न्यायाधीशाऐवजी न्यायालयीन अधिकारी आदेश काढू शकतो. देणेकऱ्याने दोन आठवड्यांत हरकत घेतली तर आदेश रद्द होतो आणि वाद नेहमीच्या वाटेने जातो; हरकत नसेल तर वसुली सुरू. ज्या दाव्यांत खरे तर वादच नाही ते असे बाजूला काढले की न्यायाधीशाचा वेळ खऱ्या वादांना मिळतो.

यातही घोटाळा झालाच. वसुली कंपन्यांनी जुनी देणी गठ्ठ्याने विकत घेतली आणि देणेकऱ्यांचे जुने पत्ते टाकून लाखोंनी दावे भरले. टपालाने दोनदा सूचना देऊनही पत्र नेले नाही तर ते मिळाले असे कायदा मानत असे. त्यामुळे खाते गोठल्यावरच अनेकांना दाव्याचा पत्ता लागला, आणि काही देणी तर मुदतबाह्य होती. २०१३ च्या दुरुस्तीने व्यक्तीचा राष्ट्रीय ओळख क्रमांक देणे सक्तीचे केले आणि ३ वर्षांहून जुन्या देण्यांना इथे दार बंद केले. वेग वाढवताना समन्स खरोखर पोचते का, हे आधी पाहायला हवे होते.

जमिनीच्या बाबतीत एस्टोनियाचे उदाहरण घेऊ. आपला सातबारा ही मुळात महसुली नोंद. मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून बँक ‘सर्च रिपोर्ट’ मागते. एस्टोनियाने १९९३ मध्ये जर्मन धर्तीचा मालमत्ता कायदा आणला. तिथे न्यायालयाच्या अखत्यारीतल्या नोंदवहीत नाव चढल्यावरच मालकी बदलते. नोंद खरी मानली जाते आणि तिच्यावर विसंबून प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याला संरक्षण मिळते. बँकेला मागच्या तीस वर्षांचे कागद उकरावे लागत नाहीत. तारण पक्के झाल्याने कर्ज स्वस्त होते.

सुधारणा झाली की नाही हे मोजायला युरोपात दोन साधे आकडे वापरतात. पहिला निपटारा दर: वर्षात निकाली निघालेली प्रकरणे भागिले आलेली प्रकरणे, गुणिले १००. दुसरा निकालाचा अंदाजे कालावधी: वर्षअखेर प्रलंबित भागिले निकाली, गुणिले ३६५. समजा १,००० प्रकरणे आली, ९०० निघाली आणि १,८०० शिल्लक राहिली. निपटारा दर ९० टक्के, कालावधी ७३० दिवस. दर शंभराखाली राहिला की ढीग दरवर्षी वाढतो. मग दोन-चार न्यायाधीश जास्त नेमून भागत नाही. हे आकडे वेग सांगतात, निकाल विकला गेला की नाही ते सांगत नाहीत.

विकल्या जाणाऱ्या निकालांवर सर्वांत कडक औषध अल्बानियाने घेतले. २०१६ च्या घटनादुरुस्तीनंतर सुमारे ८०० न्यायाधीश आणि सरकारी वकील, सगळेच्या सगळे, तीन चाळण्यांतून गेले: मालमत्ता कुठून आली, संघटित गुन्हेगारीशी लागेबांधे आहेत का, कामाची पात्रता आहे का. निम्म्याहून अधिक जण बडतर्फ झाले किंवा स्वतःच निघून गेले. पण रिकाम्या खुर्च्या भरणारी मंडळे वेळेत उभी राहिली नव्हती. २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयात निकाल देण्याइतके न्यायाधीशही (कोरम) उरले नाहीत. सर्वोच्च न्यायालयापुढे ३० हजारांहून अधिक प्रकरणे साचली. भ्रष्ट न्यायाधीश गेला, त्याबरोबर निकालही थांबला, आणि ज्याचा पैसा अडकला होता तो अडकलेलाच राहिला. चाळणी हवीच होती, असे मला ठामपणे वाटते. मात्र नव्या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाचे वर्ग आधी भरायला हवे होते. मोल्दोवाने २०२२ पासून चाळणी न्यायाधीशांच्या परिषदेपासून, म्हणजे नेमणुका करणाऱ्यांपासून सुरू केली. क्रम म्हणून हे अधिक बरोबर आहे.

या मांडणीला सर्वांत अवघड प्रश्न पोलंडच विचारतो. २०१५ पासून तिथल्या सरकारने घटनात्मक न्यायाधिकरण आणि न्यायाधीश नेमणारी परिषद आपल्या कह्यात आणली. तरीही अर्थव्यवस्था वाढत राहिली. २००४ मध्ये युरोपीय सरासरीच्या निम्म्याच्या आसपास असलेले दरडोई उत्पन्न आज जवळपास चार पंचमांश आहे. याचे कारण, वरच्या मजल्यावर भांडण चालू असताना तळमजला चालू होता: लुब्लिनचे आदेश निघत होते, नोंदवह्या चालत होत्या, निर्यातीची बाजारपेठ खुली होती. किंमत वेगळ्या खात्यातून गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने दिवसाला १० लाख युरोंचा दंड लावला. संघाचा कोविडनंतरचा पुनर्बांधणी निधी २०२४ पर्यंत अडला. या काळात जीडीपीतला गुंतवणुकीचा वाटा घसरला, जरी त्याची कारणे अनेक होती.

खरी अडचण आता आहे. वादग्रस्त परिषदेने नेमलेले किंवा बढती दिलेले न्यायाधीश अडीच-तीन हजारांच्या घरात आहेत. त्यांच्या नेमणुका अवैध ठरवल्या तर त्यांनी दिलेले घटस्फोट, वारसाहक्क, कर्जवसुली आणि दिवाळखोरीचे निकाल डळमळतात. तशाच ठेवल्या तर नवा प्रत्येक पक्षकार ‘हे न्यायालयच नव्हे’ असा आक्षेप घेऊ शकतो. सरसकट रद्द करण्यापेक्षा गट पाडणे व्यवहार्य ठरते: पहिल्यांदाच नेमलेले तरुण न्यायाधीश वेगळे, राजकीय बढती घेतलेले वेगळे, आणि जुने निकाल विशिष्ट मुदतीत कोणी आव्हान न दिल्यास कायम.