सर्व्हिसिंगनंतर रेस चढली: हिशेब चुकलाय की गाडी हवा ओढतेय?

गाडी सर्व्हिसिंगहून आणली. सिग्नलला पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा साडेसातशेऐवजी १४०० वर. कधी खाली येतो, पुन्हा चढतो, पुन्हा खाली. गॅरेजला फोन लावला की ठरलेलं उत्तर येतं: "दोन-चार दिवस चालवा, सेट होईल."

हे उत्तर कधी अगदी बरोबर असतं, कधी निव्वळ टोलवाटोलवी. काट्यावर सारख्याच दिसणाऱ्या दोन गोष्टी यामागे असू शकतात. एकीत ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, जुना हिशेब चुकलेला असतो, दुसरीत इंजिनाला चोरवाटेनं हवा मिळत असते. पहिली चालवून बरी होते. दुसरी चालवून फक्त झाकली जाते. (हे सगळं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप मोटरनं हलवणारी यंत्रणा, असलेल्या पेट्रोल गाड्यांबद्दल. डिझेलचं गणित वेगळं.)

आधी हिशेब. थ्रॉटल बॉडीतली गोल झडप, मिस्त्री लोकांची बटरफ्लाय, आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) जवळजवळ बंद असते. कडेच्या बारीक फटीतून जाईल तेवढ्याच हवेवर इंजिन धुगधुगतं. वर्षानुवर्षं त्या कडेला काजळी बसत जाते आणि फट बुजत येते. ईसीयू मग झडप किंचित जास्त उघडून तूट भरून काढतो आणि तो कोन लक्षात ठेवतो. सर्व्हिसिंगमध्ये कुणीतरी क्लीनर मारून थ्रॉटल लख्ख करतं. काजळी गेली, पण लक्षात ठेवलेला कोन तोच. साहजिकच हवा जास्त जाते आणि रेस चढते.

याचीच उलटी बाजू म्हणजे बॅटरी काढली, पण थ्रॉटल साफ केलं नाही. बऱ्याच गाड्यांत शिकलेलं पुसलं जातं आणि ईसीयू कोऱ्या थ्रॉटलच्या हिशेबानं झडप उघडतो. काजळीमुळे तेवढी हवा पुरत नाही, आणि सिग्नलला गाडी बंद पडते. नवी बॅटरी टाकली आणि गाडी बिघडली, असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची बॅटरी निर्दोष असते.

आता चोरवाट. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला, इंजिन चालू असताना हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो. तिथे कुठेही फट राहिली की हवा आत ओढली जाते. सर्व्हिसिंगमध्ये हात लागतो नेमका याच भागाला: थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट नीट न बसणं, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातले वायू मॅनिफोल्डकडे सोडणाऱ्या झडपेचा) होज निसटणं, ब्रेक बूस्टरचा (मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाइप अर्धवट बसणं. ऑइल बदलल्यावर झाकण पूर्ण न फिरवणं किंवा डिपस्टिक तळापर्यंत न दाबणं हेही त्यातच, कारण पीसीव्हीमुळे क्रँककेसमधली (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागातली) हवाही मॅनिफोल्डकडेच ओढली जाते.

इथे गाडीचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. काही गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. चोरवाटेची हवा त्याच्या नजरेस पडतच नाही, त्यामुळे पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं आणि काही दिवसांत चेक इंजिन लाइट पेटतो. बिघाडाचा कोड बहुधा पी ०१७१, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ. बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र एमएपी सेन्सर असतो आणि तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. फटीतून हवा आली की दाब वाढतो, ईसीयू त्या हवेलाही पेट्रोल देऊन मोकळा होतो. इंजिन गुळगुळीतच चालतं, पण रेस चढलेली. लाइट पेटलाच तर कोड पी ०५०७, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त. नेमकी हीच गाडी थ्रॉटल साफ केलेल्या गाडीसारखी वागते आणि भल्याभल्यांना चकवते.

वेगळं ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे कल. हिशेबाची चूक पन्नासेक किलोमीटरमध्ये उतरणीला लागलेली जाणवते. गळती आठवड्यानंतरही जागच्या जागी. दुसरी खूण कानाची: बॉनेट उघडा, पंखा बंद असताना ऐका, सूऽऽ असा बारीक आवाज येतो का. ब्रेक दाबल्यावर आवाज किंवा रेस बदलत असेल, पेडल दगडासारखं कडक लागत असेल, तर संशय बूस्टरच्या पाइपवर. अशी गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

काटा लाटेसारखा वरखाली होत असेल तर माझा कौल गळतीकडे. पाय काढलेला असूनही रेस फार चढली की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू, रेस पुन्हा वर.

एमएएफ गाडीत स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावला तर वादच उरत नाही. आयडलिंगला फ्युएल ट्रिम (ईसीयूनं पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ५ च्या आसपास, म्हणजे गळती. झडप उघडली की एकूण हवेत चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो, म्हणून आकडा घसरतो. एमएपी गाडीत या आकड्यावर विसंबू नका, सरळ स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणं) करून घ्या. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे मिस्त्री आहेत, पण तो फवारा पेट घेतो.

गळती नाही अशी खात्री झाल्यावरच ईसीयूला पुन्हा शिकवायचं. पद्धत कंपनीगणिक वेगळी. होंडाच्या अनेक मॉडेल्सना ३००० आरपीएमवर रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत धरायचं आणि मग एसी, दिवे सगळं बंद ठेवून पाच मिनिटं आयडलिंगला सोडायचं. काही गाड्यांना स्कॅनरशिवाय गत्यंतर नाही. इग्निशन चालू असताना झडप बोटानं ढकलायची नाही, मोटर बोट चिमटते आणि आतले प्लॅस्टिकचे गिअरही जातात.

माझ्या गाडीत निघालं ते ऑइलचं अर्धवट फिरवलेलं झाकण. घट्ट केलं, आवाज थांबला, आणि दुसऱ्या क्षणी गाडी बंद पडली. आठ दिवस चोरट्या हवेसकट हिशेब बसवला होता ना तिनं. त्यानंतर मात्र खरंच दोन दिवस चालवली आणि सेट झाली.