घडले नाही त्याची बखर : पर्यायी इतिहासकथांची पार्श्वभूमी

इतिहासात जर-तरला स्थान नसते, हे वाक्य इतक्या वेळा कानांवर पडलेले असते की, पर्यायी इतिहासाच्या (भूतकाळातला एखादा प्रसंग वेगळा घडला असे मानून लिहिलेल्या) कादंबऱ्या म्हणजे इतिहासाशी फारसे सोयरसुतक नसलेल्या लेखकांनी काढलेली पळवाट असावी, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. कादंबरीकारांच्या हाती लागण्यापूर्वी कित्येक शतके हा खेळ इतिहासकारच खेळत होते, आणि तोही आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी. अथेन्सच्या लोकांनी घाबरून शरणागती पत्करली असती तर समुद्रावर इराणी बादशहाला अडवणारे कोणीच उरले नसते, आणि मग खुष्कीच्या मार्गावर इतर ग्रीकांनी कितीही तटबंदी केली तरी ती व्यर्थ ठरली असती, असा युक्तिवाद प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केला आहे. अथेन्सच्या आरमाराचे महत्त्व सांगायचे तर ते आरमार क्षणभर वजा करून पाहणे भाग होते.

रोमन इतिहासकार लिव्ही याहून पुढे गेला. इ. स. पूर्व 323मध्ये अलेक्झांडर बाबिलोन येथे वारला नसता आणि पूर्वेऐवजी पश्चिमेकडे वळला असता तर रोमचे काय झाले असते, हा प्रश्न त्याने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात मूळ कथानक थांबवून सविस्तर चर्चिला आहे. तो चक्क हिशेब मांडतो : अलेक्झांडरने समुद्र ओलांडून आणले असते ते जास्तीत जास्त तीस हजार पायदळ आणि चार हजार घोडदळ, रोमकडे मात्र एक सेनापती पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा, अशी रांगच तयार होती. निकाल अर्थातच रोमच्या बाजूने लागतो. लेखक रोमन असल्यावर दुसरे काय होणार? तरीही एका अलौकिक पुरुषाचे कर्तृत्व मोठे की टिकाऊ राज्यव्यवस्था मोठी, हा त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. उणीव एवढीच होती की त्या न घडलेल्या जगात कोणी माणूस राहत नव्हता. तेथे फौजा होत्या, पण संसार नव्हते.

माणसे आली ती पराभवानंतरच्या फ्रान्समध्ये. लुई जोफ्रुआ यांची 1836 सालची ‘नेपोलियन आणि जगावरील विजय’ ही कादंबरी या प्रकारातील पहिली पूर्ण लांबीची कृती मानली जाते. प्रत्यक्षात 1812च्या सप्टेंबरमध्ये नेपोलियन जळत्या मॉस्कोत शिरला, झारच्या तहाची वाट पाहत तेथे सुमारे पाच आठवडे अडकून पडला आणि परतीच्या वाटेवर त्याच्या सेनेची धूळधाण झाली. जोफ्रुआंचा नेपोलियन मॉस्कोत रेंगाळत नाही. तो सेंट पीटर्सबर्गकडे कूच करतो, रशियाला नमवतो, पुढे इंग्लंड जिंकतो आणि अखेरीस साऱ्या पृथ्वीचा सम्राट होतो. येथपर्यंत हे हरलेल्या पक्षाचे दिवास्वप्न आहे, आणि तेवढेच असते तर आज त्याची आठवण ठेवण्याचे कारण नव्हते. परंतु याच कादंबरीच्या एका प्रकरणात लेखक संतापून सांगतो की, काही नतद्रष्टांनी एक बनावट इतिहास पसरवला आहे, ज्यात म्हणे सम्राटाचा वॉटर्लू येथे पराभव झाला आणि तो सेंट हेलेना नावाच्या बेटावर कैदेत मेला. आपल्या खऱ्या इतिहासालाच तेथे थोतांड ठरवले जाते. माझ्या मते या प्रकाराचा खरा जन्म त्या प्रकरणात झाला. जग बदलून दाखवणे कोणालाही जमते. त्या बदललेल्या जगातून आपल्या जगाकडे पाहिले की आपलेच जग अविश्वसनीय वाटू लागते, हा शोध मात्र मोठा होता.

पुढील चाळीस वर्षांत तत्त्वज्ञ शार्ल रेनुव्हिए यांनी रोमन साम्राज्याला वेगळे वळण देणारा ग्रंथ लिहिला आणि या लेखनाला ‘युक्रोनी’ हे नाव दिले. इंग्रजीतही तुरळक कथा आल्या. त्यांचा तपशील येथे आवश्यक नाही. महत्त्वाचा टप्पा 1931चा आहे. त्या वर्षी जे. सी. स्क्वायर यांनी नामवंत लेखकांचे जर-तरविषयक निबंध एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यात विन्स्टन चर्चिल यांच्या निबंधाचा विषय होता, ‘गेटिसबर्गची लढाई ली यांनी जिंकली नसती तर’. शीर्षकातील नकार लक्षात घ्यावा. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 साली गेटिसबर्गला दक्षिणेचे सेनापती ली प्रत्यक्षात हरले. चर्चिल यांचा निवेदक मात्र ते जिंकले त्या जगात बसून, ते हरले असते तर काय अनर्थ ओढवला असता याची कल्पना करतो. त्याच्या जगात 1914चे महायुद्ध टळलेले आहे. आपल्या वाट्याला आलेला इतिहास त्याला भयकथा वाटतो. जोफ्रुआंची युक्ती येथे पुन्हा दिसते, पण संतापाऐवजी उपरोधाने.

विद्यापीठांना हे रुचले नाही. ब्रिटिश इतिहासकार ई. एच. कार यांनी 1961 साली इतिहासाच्या स्वरूपावरील आपल्या व्याख्यानांत अशा विचारांना दिवाणखान्यातला खेळ म्हणून निकालात काढले. आपल्याकडे आत्याबाईला मिशा असत्या तर म्हणून जी टर उडवतात, तोच सूर. नीअल फर्ग्युसन यांनी 1997 साली संपादित केलेल्या ‘व्हर्च्युअल हिस्टरी’ने त्याला प्रत्युत्तर दिले, पण तो वाद इतिहासकारांचा राहिला. दरम्यान कथाकारांनी आपला मार्ग शोधला होता.

त्यांतील दोन कृती पायाभूत ठरल्या. 1939 साली एल. स्प्रेग डी कॅम्प यांनी ‘लेस्ट डार्कनेस फॉल’मध्ये एका पुरातत्त्वज्ञाला सहाव्या शतकातील रोममध्ये नेऊन सोडले. तो तलवार उपसत नाही. सराफाकडून कर्ज घेऊन दारू गाळतो, त्याच्या कारकुनांना भारतीय अंक आणि दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत शिकवतो आणि पुढे छापखाना उभारतो. इतिहास बदलायचा तर भांडवल लागते, हा व्यवहार या कादंबरीने कथेत आणला. दुसरी कृती 1962 सालची, फिलिप के. डिक यांची ‘द मॅन इन द हाय कॅसल’. 15 फेब्रुवारी 1933 रोजी मायामीत जुझेप्पे झांगारा याने अमेरिकेचे निर्वाचित अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात त्याचा नेम चुकला आणि शिकागोचे महापौर सर्माक जखमी होऊन पुढे दगावले. डिक यांच्या जगात रूझवेल्टच मारले जातात, अमेरिका दुबळी राहते आणि जर्मनी व जपान तिची वाटणी करून घेतात. या जगात एक बंदी घातलेली कादंबरी गुपचूप फिरते, जिच्यात दोस्त राष्ट्रे जिंकलेली आहेत. पण तो विजयही आपल्या इतिहासातला नाही, तिसराच आहे. याच कादंबरीत एक मनुष्य दोन लायटर शेजारी शेजारी ठेवून विचारतो की, हत्येच्या वेळी रूझवेल्टांच्या खिशात होता तो यांतला कोणता? पाहून सांगता येत नाही. एकाची किंमत अवाच्या सवा आणि दुसऱ्याची कवडीमोल. फरक फक्त सोबतच्या कागदात. इतिहासाचे इतिहासपण वस्तूत नसून तिच्याविषयी मान्य झालेल्या कहाणीत असते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

मराठीत हे स्थान जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचे आहे. पानिपतावर विश्वासराव पडले नाहीत, गोळी कानाला चाटून गेली, एवढाच फरक; आणि त्यातून मराठी सत्ता टिकलेला वेगळा हिंदुस्थान उभा राहतो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या जगात भाऊसाहेबांच्या बखरीचे पान उलटून आपल्या परिचयाचा मजकूर शोधतात आणि तो तेथे नसतो. लेखकाने पुढे पुंजभौतिकीचा (क्वांटम सिद्धांताचा) आधार घेतला असला तरी कथेचा जीव बखरीच्या त्या पानात आहे. विजयाचा उन्माद न करता पानिपत जिंकून दाखवण्याचा संयम विशेष उल्लेखनीय आहे.

तो संयम या प्रकारात दुर्मीळ आहे. ध्वज, गणवेश आणि नकाशातील रंग बदलले की काम झाले, असे समजून लिहिलेल्या पुस्तकांचा ढीग मोठा आहे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धावरच्या. म्हणून शिफारस करताना मी दोन गोष्टी पाहतो : बदल किती लहान आहे, आणि त्या जगातला सामान्य माणूस सकाळी उठून काय करतो. हॅरी टर्टलडव्ह यांच्या अकरा कादंबऱ्यांची मालिका पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरते. 1862च्या सप्टेंबरमध्ये ली यांचा गुप्त लष्करी आदेश तीन सिगारांभोवती गुंडाळलेला शत्रुसैनिकांना सापडला होता, ही सत्य घटना. टर्टलडव्ह तो कागद त्यांच्या हाती पडू देत नाहीत, इतकेच. मालिका पुढे पसरट होते, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या कसोटीसाठी रॉबर्ट हॅरिस यांची 1992 सालची ‘फादरलँड’ घ्यावी. 1964च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या तयारीत असलेल्या विजयी बर्लिनमध्ये एक पोलीस अधिकारी खुनाचा तपास करतो, आणि तो तपास त्याला अशा गुन्ह्यापाशी नेतो, ज्याची वाचकाला पूर्ण माहिती आहे आणि त्या जगाला मुळीच नाही.

नवख्या वाचकाने डी कॅम्पपासून सुरुवात करावी, कारण त्यासाठी पूर्वतयारी लागत नाही. डिक यांच्याकडे जाण्याची घाई नको. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’ (2002) शेवटी ठेवावी : चौदाव्या शतकातील प्लेगने जवळजवळ सारा युरोप निर्मनुष्य केल्यानंतरची सुमारे सातशे वर्षे तीत येतात, आणि तीच पात्रे पुन्हा पुन्हा जन्म घेऊन नावाच्या आद्याक्षरावरून ओळखू येतात. ती सावकाश वाचावी लागते, आणि मधले एखादे प्रकरण रटाळ वाटले तरी गाळू नये, कारण पुढच्या जन्मातले वाद त्यातल्याच प्रसंगांवर उभे असतात.