तोंडच्या शब्दाला कायद्याचं बळ येतं कधी? रोमन करारांची कहाणी

इ.स. ३७ च्या जून महिन्यात नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात गायस नोव्हियस यूनस या धान्याच्या व्यापाऱ्याने १०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कर्जाऊ घेतले. कर्ज देणारा एव्हेनस हा टायबेरियस सम्राटाने मुक्त केलेला गुलाम. तो स्वतः हजर नव्हता. त्याच्या वतीने व्यवहाराला बसला होता हेसिखस, म्हणजे त्याचा स्वतःचा गुलाम. तारण म्हणून अलेक्झांड्रियाहून आलेला सुमारे ७,००० मोदियस गहू होता (एक मोदियस म्हणजे पावणेनऊ लिटरच्या आसपास), शिवाय हरभरा, मसूर वगैरेंची २०० पोती. सगळा माल बंदरातल्या सार्वजनिक कोठारात पडून होता.

हे आपल्याला कळलं ते १९५९ मध्ये. पॉम्पेईजवळ महामार्गाचं काम चालू असताना चिखलात मेणाच्या पाट्यांचा एक साठा सापडला, त्यात हा कागद होता. कागद म्हणजे लाकडी पाटीवर मेणाचा थर आणि त्यात टोकदार लेखणीने कोरलेली अक्षरं. मजकूर दोनदा लिहिलेला असे. आतली प्रत दोऱ्याने बांधून साक्षीदारांच्या मोहरांनी बंद केलेली, बाहेरची वाचायला मोकळी. बाहेरच्या मजकुरात कुणी फेरफार केल्याचा संशय आला, तर मोहरा फोडून आतला पाहायचा. यूनसच्या पाटीत आतली प्रत त्याच्या स्वतःच्या हातची आहे. शब्द जसे कानाला ऐकू येत तसेच त्याने लिहिलेत, शुद्धलेखनाची फिकीर नाही. बाहेरची प्रत लेखनिकाची, नीटनेटकी.

पण एवढं सगळं लिहूनही यूनस कायद्याने बांधला गेला तो लिहिण्यामुळे नव्हे. पाटीत शेवटी नोंद आहे की हेसिखसने विचारलं आणि मी वचन दिलं. खरं बंधन त्या प्रश्नोत्तराचं. पाटी हा त्याचा फक्त पुरावा.

या प्रश्नोत्तराला रोमन लोक स्तिपुलातिओ म्हणत. धनकोने विचारायचं, ‘देण्याचं वचन देतोस?’ ऋणकोने लगेच, त्याच क्रियापदात म्हणायचं, ‘वचन देतो.’ झालं, बंधन तयार. इ.स. १६० च्या सुमारास गायस नावाच्या कायदेपंडिताने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याचे नियम सापडतात. दोघं समोरासमोर हवेत, म्हणजे पत्रावर भागत नाही. मुक्याला हा करार करता येत नाही, कारण त्याला बोलता येत नाही. बहिऱ्यालाही नाही, कारण त्याला ऐकू येत नाही. वचनाचं एक खास जुनं क्रियापद फक्त रोमन नागरिकांसाठी राखीव होतं, परदेशी माणसाने दुसरं वापरायचं. विचारलं दहा आणि उत्तर दिलं पाच, तर सगळंच बाद.

हे वाचून कर्मकांड वाटेल, पण त्यात मोठी सोय होती. या साच्यात काहीही बसत असे: पैसे, भिंत बांधून देणं, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं, दंडाची अट. आणि ‘हो, मी बांधला जातोय’ हे माणसाला स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागे, त्यामुळे नंतर ‘मी सहज म्हणालो होतो’ असं म्हणायची सोय नव्हती. वाईट बाजू अशी की शब्द उच्चारले गेले की ते का उच्चारले याची विचारपूस जुना कायदा करत नसे. फसवून वचन काढून घेतलं असलं, तरी वचन ते वचन. ही फट बुजवणारे फसवणुकीविरुद्धचे दावे आणले गायस अक्विलियस गॅलस या कायदेतज्ज्ञाने, इ.स.पू. ६६ च्या सुमारास.

मुळात शब्दाला एवढं वजन का, याचं उत्तर आणखी मागे आहे. इ.स.पू. ४५१-४५० च्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात, म्हणजे रोमच्या जुन्या लेखी कायद्यात, कर्ज बुडवणाऱ्याला ३० दिवसांची मुदत मिळे. मग धनको त्याला धरून नेऊन बेड्या घालू शके आणि ६० दिवस कोंडून ठेवू शके. त्या काळात तीन बाजारांच्या दिवशी त्याला चौकात उभं करून कर्जाची रक्कम पुकारायची, म्हणजे कुणी सोडवायला तयार असेल तर सोडवेल. कुणीच आलं नाही तर तिबर नदीपलीकडे गुलाम म्हणून विक्री. थोडक्यात, कर्जाचं खरं तारण म्हणजे कर्जदाराचं शरीर. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की इ.स.पू. ३२६ मध्ये देह गहाण टाकण्याची ही रीत कायद्याने बंद झाली, आणि त्या घटनेला तो जणू स्वातंत्र्याची दुसरी सुरुवात म्हणतो. इथे मला लिव्हीचं म्हणणं अगदी पटतं. कर्ज फिटेना म्हणून माणूस हा जिन्नस होत नाही, त्याची मालमत्ता तेवढी जबाबदार असते, ही कल्पना आज आपण गृहीत धरतो. पण ती कुणीतरी कधीतरी मिळवलेली आहे.

काही बंधनं वस्तू हातात पडल्याने तयार होत. उसना घेतलेला गहू तेवढाच आणि तशाच प्रतीचा परत करायचा, तोच दाणा नव्हे. वापरायला आणलेलं भांडं मात्र तेच परत द्यायचं. ठेव आणि गहाण यांचेही असेच नियम होते.

पण व्यापार वाढला तशी अडचण झाली. पुतेओलीचा माणूस अलेक्झांड्रियातल्या माणसाला समोर बसवून प्रश्न कसा विचारणार? रोमन कायद्याचा पक्का नियम होता की नुसत्या ठरवण्यातून दावा उभा राहत नाही. या नियमाला त्यांनी चार अपवाद केले: खरेदी-विक्री, भाडं व मजुरी, भागीदारी आणि दुसऱ्याचं काम मोफत अंगावर घेणं. या चार ठिकाणी दोघांचं मन जुळलं की करार झाला. ठरीव शब्द नकोत, साक्षीदार नकोत, पत्राने किंवा निरोप्यामार्फतही चालेल. सगळ्या रोमन कायद्यात मला ही उडी सर्वांत धाडसाची वाटते.

शब्दांचा साचा गेला तेव्हा त्याच्या जागी काहीतरी हवं होतं. ते आलं न्यायाधीशाला दिलेल्या सूत्रातून: प्रतिवादीने सद्भावनेने जे देणं किंवा करणं लागतं, ते सगळं ठरव. म्हणजे आता काय बोललं गेलं एवढंच नाही, काय लपवलं गेलं हेही तपासता येऊ लागलं.

सिसेरो या रोमन वक्त्याने सांगितलेला एक खटला याचा उत्तम नमुना आहे. रोममधल्या शकुन पाहणाऱ्या पुरोहितांना गडावरून आकाश न्याहाळायचं होतं आणि सीलियन टेकडीवरचं क्लॉडियस सेंटुमेलसचं उंच घर आड येत होतं. त्यांनी आड येणारा भाग पाडायचा हुकूम दिला. सेंटुमेलसने घर विकायला काढलं आणि कॅलपर्नियस लॅनेरियसने ते घेतलं. मग तोच हुकूम नव्या मालकाला आला. त्याने बांधकाम पाडलं, आणि नंतर त्याला कळलं की विकणाऱ्याला हे आधीच ठाऊक होतं. न्यायाधीश होता मार्कस केटो, सीझरला विरोध करणाऱ्या प्रसिद्ध केटोचा बाप. त्याने निकाल दिला की माहीत असून विकणारा गप्प बसला, म्हणून नुकसान त्याने भरून द्यावं. विकणारा एक शब्दही खोटं बोलला नव्हता, हे लक्षात घ्यावं.

बाजारावर देखरेख करणाऱ्या ईडाइल या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यांना दोष आधी सांगणं सक्तीचं केलं होतं. दोष लपवला तर सहा महिन्यांत माल परत करता येई, किंवा वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. ग्राहकसंरक्षण म्हणून याचं कौतुक होतं. पण तो ‘माल’ कोण होता हे पाहायचं, तर आजच्या रुमानियातल्या सोन्याच्या खाणीत सापडलेली १७ मार्च १३९ ची पाटी वाचावी. पासिया नावाची सुमारे सहा वर्षांची मुलगी २०५ दिनारांना (हेही रोमन नाणं) विकली गेली. विकणारा दासियस हमी देतो की ती निरोगी आहे, चोर नाही, पळून जाणारी नाही. कुणी तिच्यावर हक्क सांगून तिला नेलं तर दुप्पट रक्कम परत, आणि हे वचनही प्रश्नोत्तरानेच दिलेलं. ग्राहकाला इतकं जपणाऱ्या त्या सबंध पाटीत मुलीच्या बाजूने एकही वाक्य नाही.

त्याच खाणींतली २० मे १६४ ची आणखी एक पाटी आहे, मजुरीच्या कराराची. मेमियस हा स्वतंत्र मजूर. आपल्याला लिहिता येत नाही असं त्याने सांगितलं, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहिलं. त्या दिवसापासून १३ नोव्हेंबरपर्यंत काम, मोबदला ७० दिनार आणि जेवण. मालकाच्या मर्जीविरुद्ध काम सोडलं तर दिवसाला ५ सेस्टर्स दंड. मुदत संपल्यावर मालकाने पैसे थकवले तर तीन दिवसांच्या सवलतीनंतर त्यालाही तोच दंड. आणि खाणीत पाणी शिरून काम अडलं, तर तेवढी मजुरी कापायची.

या शेवटच्या अटीपाशी मी नेहमी थांबतो. पॉलस या मोठ्या कायदेपंडिताचं मत सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात जपलेलं आहे: ज्याने आपले श्रम भाड्याने दिले, त्याच्या बाजूने अडचण नसेल, तर त्याला पूर्ण मुदतीची मजुरी मिळाली पाहिजे. पॉलस मेमियसनंतर दोनेक पिढ्यांनी झाला, पण पाणी काही मजुराने सोडलेलं नसतं, आणि या नियमाने पाहिलं तर नुकसान मालकाचं. पण नियम लागू होतो तो दोघांनी वेगळं काही ठरवलं नसेल तेव्हाच. मन जुळलं की करार, ही मोकळीक दूरच्या व्यापाऱ्यांना हवी होती आणि ती त्यांना मिळाली. खाणीत मात्र तिचा अर्थ असा झाला की पाण्याचा धोका कुणी सोसायचा हे मालकाच्या माणसांनी लिहून घेतलं आणि निरक्षर मेमियसने मान्य केलं.