सेन्सर सुस्तावला, हे गाडीला कसं कळतं?

चोर्ला-जांबोटी रस्त्याने गोव्याहून बेळगावला परतलो आणि गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. कोड आला पी ०१३३, म्हणजे पुढचा ऑक्सिजन सेन्सर मंद चालतोय. बंद नव्हे, मंद. हा बारकावा गाडीला स्वतःहून कळावा, यामागे बराच इतिहास आहे.

१९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांत बसला. धूर स्वच्छ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धुरातले तिन्ही विषारी वायू एकदम निवळायचे तर हवा-पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागतं. कार्बोरेटरचा स्क्रू पिळून ते सतत टिकत नाही. झिर्कोनिया या सिरॅमिकचा सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनवरून व्होल्टेज देतो. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. म्हणून निरोगी सेन्सरचा आकडा एका जागी थांबत नाही, स्कॅनरवर सारखा खाली-वर उड्या मारतो.

खरी अडचण म्हाताऱ्या सेन्सरची. ऑइलची राख, सिलिकॉन किंवा शिसं बसलं की उड्या संथ होतात, पण आकडे मात्र ठीकच दिसतात. गाडीने स्वतःचे बिघाड ओळखावेत यासाठीच्या कॅलिफोर्नियाच्या १९८८ च्या पहिल्या नियमांचा भर तुटलेली वायर, शॉर्ट अशा ढोबळ बिघाडांवर होता. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतच बसवलेल्या बिघाड-तपासणीची दुसरी पिढी) सक्तीचं झालं आणि उडीला किती वेळ लागतो हे कॉम्प्युटर मोजू लागला. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर आला, तो कन्व्हर्टरवरच नजर ठेवतो.

आपल्याकडे आधी पेट्रोलमधलं शिसं जायला हवं होतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. माझ्या मते आपल्या गाड्यांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा. चारचाकींना ओबीडी-१ २०१० पासून आणि ओबीडी-२ २०१३ पासून लागू होत गेलं. २०२० मध्ये धुरावरच्या कडक नियमांचं बीएस-६ आलं.

मिस्त्रींनी मात्र नवा सेन्सर मागवला नाही. थंड इंजिन चालू करून एक्झॉस्टच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. सेन्सरच्या अलीकडेच बुडबुडे आले. घाटातल्या खड्ड्यांनी जोड ढिला होऊन धूर बाहेर निसटत होता आणि मधूनमधून बाहेरची हवाही आत ओढली जात होती. गॅस्केट बदललं, आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा झपाझप उड्या मारू लागला.