डोसाचं त्रैराशिक आणि १०८ ची गाडी

नर्सिंगला किंवा ईएमटीच्या, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणाऱ्याच्या, कोर्सला जायचं म्हणणारी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: गणित किती लागतं हो? दहावीला गणितात काठावर सुटलेल्यांच्या पोटात तर गोळाच येतो. उत्तर छोटं आहे. गुणाकार, भागाकार, दशांश, शेकडेवारी आणि त्रैराशिक, बस्स. तरी एवढ्याशा गणिताची धास्ती का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

त्रैराशिक आपल्याकडे जुनंच. आर्यभटांनी ते सांगितलं, ११५० साली भास्कराचार्यांनी प्रमाण, फल आणि इच्छा अशी त्याची मांडणी उदाहरणं देऊन पक्की केली: फलाला इच्छेनं गुणा, प्रमाणानं भागा. आता इंजेक्शनच्या ॲम्पूलवर, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीवर, लिहिलंय, २ मिलीत १०० मिलिग्रॅम. डॉक्टर फोनवर म्हणाले, ७५ द्या. १०० हे प्रमाण, २ मिली फल, ७५ इच्छा, सिरिंजमध्ये दीड मिली. नर्सिंगच्या वर्गात 'हवा तेवढा भागिले हातातला' म्हणून शिकवतात ते हेच. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या आजोबांनी हे तोंडी सांगितलं असतं.

घोळ घातला तो एककांनी. इंग्रजी अमदानीतल्या दवाखान्यात औषध ग्रेन, मिनिम, ड्रॅम, औंसात मोजायचे. एक ग्रेन म्हणजे आजचे सुमारे ६५ मिलिग्रॅम, साठ ग्रेनचा ड्रॅम, आठ ड्रॅमचा औंस. कंपाउंडर मिक्स्चरच्या बाटलीला खाचा कापलेली कागदाची पट्टी डकवून द्यायचा, एक खाच म्हणजे एक डोस. भागाकार त्यानं आधीच करून ठेवलेला असायचा, पेशंटनं फक्त खाच बघायची. लहान मुलांसाठी यंगचा नियम होता: वय भागिले वय अधिक बारा. चार वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाच्या पाव डोस. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आणली, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि ग्रेन हळूहळू गेला. अपूर्णांकाची जागा दशांशानं घेतली, आणि त्याबरोबर नवी चूक आली. पावऐवजी निम्मा दिला तर डोस दुप्पट होतो; दशांशचिन्ह एक घर सरकलं तर दसपट. म्हणूनच ०.५ लिहिताना पुढचं शून्य सोडायचं नाही आणि ५ च्या मागं .० लावायचं नाही, अशी शिस्त आहे.

हे गणित रुग्णवाहिकेच्या गाडीत चढलं ते १९६० च्या दशकात. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ साली हृदयविकाराच्या पेशंटकडे डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र, घेऊन गाडी धाडायला सुरुवात केली, पण त्यांच्या गाडीत डॉक्टर असायचा. अमेरिकेनं पुढं डॉक्टरला हॉस्पिटलात, रेडिओवर ठेवलं आणि गाडीत पॅरामेडिक, म्हणजे उपचारांचं प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी, बसवले. हुकूम एकाचा, हिशेब दुसऱ्याचा अशी ही विभागणी. नॉर्थ कॅरोलिनातल्या पॅरामेडिकना तिथल्या संशोधकांनी डोसाचे हिशेब घातले, त्याचा निष्कर्ष २००० साली छापून आला: सरासरी जेमतेम निम्मी उत्तरं बरोबर. ही माणसं ढ नव्हती. रोज न वापरलेलं गणित गंजतं, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे १०८ नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली २००५ साली हैदराबादेत, आणि कर्नाटकात 'आरोग्य कवच' नावानं १ नोव्हेंबर २००८ ला. राज्योत्सवाचा दिवस, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस. गाडीनं मात्र कुणाची भाषा विचारली नाही. महाराष्ट्राची १०८ आली २०१४ ला आणि तिच्यात डॉक्टर बसवले. म्हणजे कोगनोळीच्या पलीकडे कागलला गाडीत डॉक्टर आणि अलीकडे निपाणीला ईएमटी, त्याच्या कानाला फोन, फोनवर कॉल सेंटरचा डॉक्टर. सीमेच्या या बाजूला सिरिंजेतला आकडा ईएमटीच काढतो.

आता बेळगावच्या मातीतली एक गोष्ट, जी बाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या चालतील का, याची मोठी चाचणी या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झाली. १६२० बायका, औषध देणाऱ्या एएनएम, म्हणजे गावची नर्सबाई. 'लॅन्सेट'मध्ये २००६ साली निकाल आला: रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. डोस ६०० मायक्रोग्रॅम. वजन नाही, सलाईन नाही, सिरिंज नाही, ठरलेल्या गोळ्या गिळायच्या. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास असाच सरकत आलाय: माणसाला जास्त गणित शिकवण्यापेक्षा गणित आधीच कुणीतरी करून ठेवायचं. कंपाउंडरच्या पट्टीसारखंच.

मॅग्नेशियम सल्फेटचंही तेच. गरोदरपणात झटके आले तर एएनएमनं पाठवण्याआधी १० ग्रॅम द्यायचं, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. ५० टक्क्यांच्या २ मिली ॲम्पूलमध्ये १ ग्रॅम, म्हणून दहा ॲम्पूल. टक्का म्हणजे १०० मिलीत तेवढे ग्रॅम, एवढं कळलं की बोटांवर होतं. सर्पदंशावरचं प्रतिविष तर वजन बघतच नाही. जांबोटीच्या रानात साप मुलाला चावला काय किंवा बापाला, विष तेवढंच सोडतो, म्हणून पोरालाही मोठ्या माणसाइतक्याच व्हायल, म्हणजे औषधाच्या बाटल्या.

सगळं असं सोपं होत नाही. उसाच्या किंवा तंबाखूच्या पट्ट्यात कीटकनाशक प्यालेला पेशंट आला की त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन. ॲम्पूल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवात १.८ ने केली तर तीन ॲम्पूल, पाच मिनिटांनी फरक नाही तर सहा, मग बारा, मग चोवीस. हिशेब दुपटीचा, पण हात आणि ॲम्पूल दोन्ही अपुरे पडतात. खाली गेलेलं ब्लडप्रेशर वर आणणारं डोपामिन मात्र खरी परीक्षा घेतं. २०० मिलिग्रॅम ५०० मिली सलाईनमध्ये, म्हणजे मिलीला ४०० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एकूण ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण मिली. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीला, मिलीचे ६० थेंब, म्हणून मिनिटाला ४५. कागदावर चार ओळी. चोर्ला घाटाच्या वळणावर त्याच चार ओळी करून बघाव्यात, म्हणजे अवघड काय ते कळेल; म्हणून गाड्यांत छापील तक्ते ठेवतात आणि ते ठेवण्यात कमीपणा काही नाही.

लहान मुलांत अडचण भागाकाराच्या आधीच सुरू होते: वजन किती? अमेरिकेत जेम्स ब्रोसलो यांनी १९८० च्या दशकात मुलाच्या लांबीवरून वजन आणि डोस सांगणारी रंगीत पट्टी काढली. ती आपल्या पोरांचं वजन जास्त धरते, असं भारतातल्या अभ्यासात दिसलं. आपल्या पुस्तकांत वयाची दुप्पट अधिक आठ असं सूत्र आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्यानं १८ किलो येतात. पण आईच्या पिशवीत तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, किंवा अंगणवाडीची वजनाची नोंद असते आणि तिच्यावर कदाचित १४ लिहिलेलं असतं. झटके थांबवायला नाकातून मिडाझोलाम किलोला ०.२ मिलिग्रॅम: सूत्राप्रमाणे ३.६, कार्डाप्रमाणे २.८. ईएमटीनं सूत्र लावण्याआधी आईला विचारावं, "वहिनी, कार्ड आणलंय का?"