सोलर प्लांटची कामगिरी कशी मोजतात (पीआर, सीयूएफ आणि यील्ड)

सोलर प्लांट नीट चाललाय की नाही हे नुसत्या युनिटवरून कळत नाही, कारण युनिट प्लांटवर जेवढे अवलंबून तेवढेच उन्हावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक ॲपचा स्क्रीनशॉट टाकतात, "आज १५ युनिट!", पण त्या दिवशी ऊन किती पडलं होतं ते कुणीच लिहीत नाही, आणि ते लिहिल्याशिवाय १५ चांगले की वाईट हे सांगताच येत नाही. म्हणून मापं दोन घ्यायची, मीटरवर वीज आणि पॅनलच्या शेजारी ऊन, आणि मग भागाकार. या भागाकाराला परफॉर्मन्स रेशो म्हणजे पीआर म्हणतात.

पॅनलवर छापलेले वॅट फॅक्टरीत ठरलेल्या परिस्थितीत मोजलेले असतात, चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. यातून हिशोब एकदम सोपा होतो: चौरस मीटरवर जितके युनिट (म्हणजे किलोवॅट-तास, उन्हाची ऊर्जाही त्यातच मोजतात) ऊन पडलं तितके युनिट १ किलोवॅट पॅनलने कागदावर द्यायला हवेत. आता पुण्यातलं ३ किलोवॅटचं छत धरा. एप्रिलमधल्या एका दिवशी ६.५ युनिट ऊन पडलं, म्हणजे कागदावर १९.५ युनिट, मीटरवर आले १४.८, पीआर ७६ टक्के. ऑगस्टमधल्या ढगाळ दिवशी ऊन ३ युनिट, कागदावर ९, आले ७.४, पीआर ८२ टक्के. वीज निम्मी झाली तरी प्लांट ऑगस्टमध्येच जास्त चांगला चालला! आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण पॅटर्न हाच असतो.

कारण उष्णता. सिलिकॉन पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर गमावतं. विदर्भात मे महिन्यात पॅनल सहज ६० अंशांवर जातं, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास तिथंच गेले, आणि यात कुणाची चूक नाही. मग धूळ, केबल, इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारं यंत्र), सावली यांतही थोडी थोडी जाते. त्यामुळे पीआर १०० कधीच येत नाही, जर्मनीत २००० सालाच्या आधी ७०च्या आसपास असायचा आणि आता तिथं ८० ते ९० मिळतो, पण तो आकडा उचलून नागपूरच्या प्लांटला लावणं अन्याय आहे, जर्मनीतली हवाच थंड. याच कारणाने कॉन्ट्रॅक्टरची पीआर टेस्ट जानेवारीत घेतली तर पास आणि मेमध्ये घेतली तर नापास असं होऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे तापमान दुरुस्त केलेला पीआर, पॅनलच्या पाठीला सेन्सर चिकटवून उष्णतेचा वाटा हिशोबातून काढून टाकतात. करारात नुसतं 'पीआर' न लिहिता हे स्पष्ट लिहून घ्यावंच.

भारतात वीजखरेदी करारात मात्र बहुतेक वेळा बोलतात ते सीयूएफचं, म्हणजे कपॅसिटी युटिलायझेशन फॅक्टर. प्लांट चोवीस तास, वर्षाचे ८७६० तास फुल चालला असता तर किती वीज आली असती, त्याच्या किती टक्के आली. वरच्या छताचा एप्रिलच्या दिवसाचा सीयूएफ २०.६ आणि ऑगस्टचा १०.३. वीज विकत घेणाऱ्याला हाच आकडा हवा असतो, त्याला युनिटशी मतलब. पण प्लांटची तब्येत यातून कळत नाही, त्यातून क्षमता कुठली धरायची हा घोळ. १०० मेगावॅट इन्व्हर्टरवर १४० मेगावॅट पॅनल लावले आणि भागायला १०० घेतले तर १९चा सीयूएफ २६च्या आसपास दिसतो, प्लांट एका पैशानेही सुधारलेला नसतो. दोन प्लांटची तुलना करताना आधी हे विचारावं.

पीआरलाही एक मोठी मर्यादा आहे. ऊन पॅनलच्याच उतारावर मोजतात, त्यामुळे कुणी पॅनल उत्तरेला तोंड करून बसवले तरी पीआर झकास येईल, कारण मुळात पडलेलं ऊनच कमी धरलं जातं. ते पकडतं तिसरं माप, यील्ड, म्हणजे किलोवॅटमागे युनिट. महाराष्ट्रात चांगल्या छताला किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४, वर्षाला १४००च्या आसपास युनिट मिळायला हवेत.

ऊन मोजतो तो पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळी चकती, ती तापते आणि अगदी बारीक व्होल्टेज देते. आयईसी ६१७२४ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये कुठल्या दर्जाच्या मॉनिटरिंगला कसले सेन्सर हवेत ते दिलेलं आहे, पण साइटवरची खरी भानगड फडक्याची असते. त्या घुमटावर धूळ बसली की सेन्सर ऊन कमी दाखवतो, भागाकारातला खालचा आकडा लहान होतो आणि पीआर वाढतो. पॅनल मळलेले, सेन्सरही मळलेला, आणि रिपोर्ट छान! म्हणून अचानक सुधारलेल्या पीआरवर आधी संशय घ्यावा. साक्रीच्या महानिर्मितीच्या प्लांटएवढा, १२५ मेगावॅटचा प्लांट १९ टक्के सीयूएफने चालला तर वर्षाला २० कोटींवर युनिट होतात, त्यातला १ टक्का म्हणजे २० लाख युनिट, आणि ते एका न पुसलेल्या काचेमागे लपू शकतात.

बेंचमार्किंग म्हणजे हा आकडा कशाशी तरी ताडून पाहणं. सॉफ्टवेअरने आधी काढलेल्या अंदाजाशी ताडतात, तिथं पी५० म्हणजे निम्म्या वर्षांत गाठला जाईल असा आकडा आणि पी९० म्हणजे दहातल्या नऊ वर्षांत गाठला जाईल असा, कर्ज देणाऱ्या बँका पी९० बघतात. पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी तुलना शेजाऱ्याशी: एकाच साइटवर, एकाच उन्हात, सारखेच पॅनल असलेले दोन इन्व्हर्टर. एक ४ टक्के मागे पडला की हवामानाचं कारण सांगताच येत नाही, जाऊन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ) बघावी लागते, कुठं फ्यूज उडालेला असतो, कुठं पॅनलच्या खालच्या कडेला फ्रेमपाशी मातीचा पट्टा साचलेला असतो, जो हलक्या सरीने जात नाही, उलट चिखल होऊन घट्ट बसतो.

वर्षानुवर्षांची झीज हा वेगळा विषय. आयआयटी मुंबईच्या एनसीपीआरई या सोलर संशोधन केंद्राने २०१३पासून देशभर फिरून पॅनल तपासले, त्यात उष्ण भागातले पॅनल जास्त झिजतात हे दिसलं, आणि छोट्या, छतावरच्या प्लांटची अवस्था मोठ्यांपेक्षा वाईट. छतावर सेन्सर कुणी लावत नाही, परवडतही नाही. तिथं वर्ल्ड बँकेच्या ग्लोबल सोलर ॲटलसवर आपल्या गावाचा वर्षाच्या सरासरी उन्हाचा आकडा फुकट मिळतो, त्याला किलोवॅटने गुणायचं आणि वर्षाच्या मीटर रीडिंगला त्याने भागायचं. एका दिवसाचं उत्तर यातून मिळणार नाही, पण वर्षाचा आकडा ७०च्या खाली आला तर वर चढून सावली आणि धूळ बघावी.